समुद्र तापतो पेरूजवळ, खंड पडतो मुरबाडात!



रोहिणी नक्षत्र तोंडावर आले आहे. राब भाजून झाले असतील, बांधबंदिस्तीची कामे उरकत आली असतील. घरातल्या बायामाणसांनी बियाण्याची कणगी उघडून भाताला ऊन दाखवले असेल. आणि गावच्या पारावर, दूध डेअरीच्या ओट्यावर, कल्याणच्या बाजारात भाजी उतरवताना एकच प्रश्न चालू असेल : यंदा पाऊस कसा?

कोणी पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहतो. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर समाधान मानतो. कोणी कावळ्याने घरटे किती उंच बांधले ते पाहतो. अलीकडे मात्र बातम्यांतून एक परका शब्द आपल्या ओट्यावर येऊन बसला आहे. तो म्हणजे ‘अल निनो’. ‘अल निनो आला, आता पाऊस गेला’ असे म्हणून काहीजण हातपाय गाळतात, तर काहीजण ‘कुठला तो समुद्र आणि कुठले आपले शहापूर’ म्हणून हसण्यावारी नेतात. दोन्ही टोके चुकीची. म्हणून यावेळी खतांची आणि औषधांची चर्चा बाजूला ठेवून, दूरच्या समुद्राचा आणि आपल्या खाचरातल्या पाण्याचा काय संबंध आहे, ते पाहू.

तीस दिवसांचा फरक

आधी आपल्याच भागातली दोन वर्षे आठवा. २०२३ साली अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ फिरत राहिले, मोसमी वाऱ्याची घडी विस्कटली आणि मुंबई-ठाण्याकडे मॉन्सून पोहोचायला २५ जून उजाडला. २०२५ साली मात्र कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, २४ मे रोजी ते रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान जमिनीवर आले आणि २६ मे रोजीच मॉन्सून मुंबईत दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. इतक्या लवकर तो आल्याची मुंबईत नोंद नव्हती. मुंबईची ठरलेली सर्वसाधारण तारीख ११ जून. म्हणजे एका वर्षी दोन आठवडे उशीर आणि दुसऱ्या वर्षी सोळा दिवस घाई. दोन्हींत अंतर तीस दिवसांचे!

पंचांगातले मृग नक्षत्र मात्र दोन्ही वर्षी जूनच्या ७-८ तारखेलाच लागले. यात पंचांगाचा दोष नाही. सूर्य एका नक्षत्रातून दुसऱ्यात जातो, त्याच्या तारखा दरसाल जवळपास त्याच असतात. आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे पाहून ठेवले की साधारण मृगात पाऊस लागतो, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी होते, हस्तात गरवे भात निसवते. ही सरासरीची दिनदर्शिका आहे आणि ती आजही उपयोगी आहे. पण यंदाचा पाऊस सरासरीच्या अलीकडे की पलीकडे, हे नक्षत्र सांगू शकत नाही, कारण नक्षत्र दरसाल तेच असते. बदलतो तो समुद्र आणि त्यावरची हवा. वर्षावर्षातला फरक शोधायचा तर तिकडेच पाहिले पाहिजे.

हा वारा येतो कोठून?

आपले कल्याण दोन हजार वर्षांपूर्वी मोठे बंदर होते. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. तांबड्या समुद्राकडून निघालेली गलबते पावसाळी वाऱ्यावर शिडे सोडून आपल्या किनाऱ्याकडे येत आणि हिवाळ्यात वारा उलटला की परत जात. कल्याणला उतरलेला माल बैलांवर लादून मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला जाई. अरबी खलाशी ऋतूला ‘मौसिम’ म्हणत. त्यावरूनच आपला ‘मोसमी’ आणि साहेबाचा ‘मॉन्सून’ शब्द आला.

ज्या वाऱ्याने ती गलबते आणली, तोच वारा आज तुमच्या खाचरात पाणी आणतो. त्याचा उगम विषुववृत्ताच्या पलीकडे, मादागास्कर आणि मॉरिशस बेटांजवळच्या समुद्रावर आहे. आपल्या उन्हाळ्यात तिकडे हिवाळा असतो, हवा थंड आणि जड होते, दाब वाढतो. इकडे राजस्थान-पाकिस्तानच्या बाजूची जमीन तापून हवा हलकी झालेली असते. जड हवा हलक्या जागेकडे धावते. ती आफ्रिकेच्या केनिया-सोमालिया किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने ती उजवीकडे वळते आणि अरबी समुद्रावरून पाणी उचलत नैर्ऋत्येकडून आपल्या अंगावर येते.

पुढे सह्याद्रीची भिंत. माळशेज, नाणेघाट, कसारा येथे वारा वर चढतो, गार होतो आणि पाणी टाकतो. म्हणून ठाणे जिल्ह्यात सालाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माळशेज चढून आळेफाट्याकडे गेलात की तोच पाऊस कितीतरी कमी होतो. डोंगर दरसाल जागेवरच असतो. वाऱ्याचा जोर मात्र दरसाल सारखा नसतो, आणि तो का नसतो याचे उत्तर हजारो मैल दूर आहे.

पेरूच्या कोळ्यांचे बाळ

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पेरू नावाचा देश आहे. तेथला समुद्र एरवी थंड असतो आणि थंड पाण्यात मासळी विपुल असते. काही वर्षी नाताळच्या सुमारास पाणी उबदार होते आणि मासळी दिसेनाशी होते, हे तेथल्या कोळ्यांनी फार पूर्वी ओळखले. नाताळ म्हणजे येशूच्या जन्माचा सण, म्हणून त्यांनी या उबेला ‘अल निनो’ म्हणजे ‘बाळ’ असे नाव दिले. याच्या उलट, पाणी नेहमीपेक्षा गार होते तेव्हा त्या अवस्थेला पुढे ‘ला निना’ म्हणजे ‘बालिका’ म्हणू लागले.

या बाळाचा आपल्या पावसाशी संबंध कसा? प्रशांत महासागरावर विषुववृत्ताजवळ वारा एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. तो तापलेले पाणी ढकलत इंडोनेशियाच्या बाजूला गोळा करतो. तिकडची समुद्राची पातळी पेरूच्या बाजूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच होते, इतका हा लोट मोठा असतो. ऊबदार पाण्यावरची हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. दर दोन ते सात वर्षांनी हा वारा ढिला पडतो आणि साचलेले गरम पाणी पूर्वेकडे सरकते. त्याच्याबरोबर हवा वर चढण्याची जागाही सरकते.

घरातली चूल डोळ्यांपुढे आणा. चुलीच्या वर धूर चढतो आणि घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात हवा खाली उतरते. चूल जागची हलवली तर धूर चढण्याची जागा बदलते आणि हवा उतरण्याचीही बदलते. अल निनोच्या वर्षी प्रशांत महासागराची चूल पूर्वेकडे जाते आणि हवा उतरण्याची जागा आपल्या बाजूला येऊ लागते. उतरणारी हवा ढगांना वर चढू देत नाही. जणू हांड्यावर झाकण ठेवले! ला निनाच्या वर्षी याच्या उलट घडते आणि मोसमी पावसाला बहुधा बळ मिळते.

या शोधाचा एक धागा आपल्याच देशात आहे. १८७७ आणि १८९९ सालच्या भयंकर दुष्काळांनंतर ‘पाऊस आधी सांगता येईल का’ हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. १९०४ साली भारतीय हवामान खात्याचे प्रमुख म्हणून आलेल्या गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाने जगभरच्या नोंदी मागवून आकडे ताडून पाहिले. त्याला दिसले की प्रशांत महासागरावरचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूला तो कमी होतो, आणि तिकडे घटतो तेव्हा इकडे वाढतो. तराजूच्या दोन पारड्यांसारखे हे चालते. हा तराजू आणि पेरूकडचे उबदार पाणी ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हे मात्र १९६९ च्या सुमारास जेकब बियर्कनेस या शास्त्रज्ञाने उलगडून दाखवले.

जुन्या जाणत्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. सुकडी, खडी फोडण्याची कामे, रिकामे झालेले गोठे. ते अल निनोचे वर्ष होते. १९८७, २००२, २००९, २०१५ ही तुटीची वर्षेही अल निनोचीच. २००२ साली तर ऐन जुलैत देशभरचा पाऊस जवळजवळ निम्म्यावर आला होता.

पण प्रत्येक बाळ उपद्रवी नसते

येथे एक मोठा ‘पण’ आहे. १९९७ सालचा अल निनो गेल्या शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी एक होता. सर्वांनी दुष्काळाची धास्ती घेतली होती. प्रत्यक्षात देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला.

याचे एक कारण आपल्या घराजवळच्या समुद्रात सापडले. हिंदी महासागराचेही पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग आहेत. काही वर्षी आफ्रिकेच्या बाजूचा समुद्र अधिक तापतो आणि सुमात्रा-इंडोनेशियाच्या बाजूचा गार राहतो. काही वर्षी याच्या उलट होते. १९९९ साली जपानी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. याला ‘हिंदी महासागराचा द्विध्रुव’ म्हणतात. पश्चिम बाजू तापलेली असली की त्याला ‘धन’ अवस्था म्हणतात आणि ती बहुधा आपल्या पावसाला मदत करते. १९९७ साली हा द्विध्रुव धन होता. पेरूच्या बाळाने झाकण ठेवू पाहिले, पण शेजारच्या समुद्राने ते पुरते बसू दिले नाही.

२०१९ सालही याच जातीचे. जून संपला तेव्हा देशाचा पाऊस एक तृतीयांश कमी होता. मुंबईत मॉन्सून २५ जूनला आला. लोक म्हणू लागले, दुष्काळ पडला. त्या वर्षी द्विध्रुव फार जोरात धन झाला. २७ जुलैला उल्हास नदीने असे रूप दाखवले की महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. ऋतू संपला तेव्हा देशाचा पाऊस ११० टक्के भरला. इतकेच नव्हे, तर पाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंत रेंगाळला आणि कोकणात कापलेले भात शेतातच भिजून कोंब फुटले. म्हणजे जूनमध्ये पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ऑक्टोबरात पाऊस नकोसा झाला. एकच वर्ष, एकच खाचर!

महिना-दीड महिन्याची लाट

तिसरी गोष्ट याहून जवळची आहे. विषुववृत्तावर ढगांचा एक मोठा जथा हिंदी महासागराकडून प्रशांताकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतो. तो साधारण तीस ते साठ दिवसांत पृथ्वीभोवती फेरी पुरी करतो. १९७१ साली मॅडन आणि ज्युलियन या दोघा शास्त्रज्ञांनी तो ओळखला, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. हा जथा हिंदी महासागरावर असला की आपल्याकडे पाऊस जोर धरतो. तो पुढे निघून गेला की मागे ओसरती हवा राहते आणि पावसात खंड पडतो. नेहमी घड्याळासारखे घडते असे नाही, पण पावसाची झड आणि उघडीप यांमागचे हे एक मोठे कारण आहे.

२०२३ चा ऑगस्ट आठवा. जुलैत धो धो पाऊस झाला. १९ जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आणि लगेच पुढचा ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. वर अल निनोचे झाकण आणि त्यात ढगांचा जथा प्रतिकूल बाजूला, असा दुहेरी फटका बसला. सप्टेंबरमध्ये पाऊस पुन्हा परतला. ‘मघा पडल्या नाहीत तर ढगाकडं बघा’ असे आपली म्हातारी माणसे म्हणत. त्या वर्षी मघांनी खरोखरच ढगाकडे बघायला लावले.

आपल्याकडे बेरीज फसवते

आता आपल्या जिल्ह्यापुरता हिशोब करू. समजा अल निनोमुळे पाऊस तीस टक्के कमी झाला. मराठवाड्यात सातशे मिलिमीटरचे पाचशेच्याही खाली येतील आणि पीक जाईल. आपल्याकडे अडीच हजाराचे साडेसतराशे होतील. साडेसतराशे मिलिमीटर भाताला पुरेसे नाहीत का? बेरजेने पाहिले तर भरपूर आहेत. म्हणून ‘ठाण्याला दुष्काळ कसला’ असे बाहेरचे लोक म्हणतात.

पण भात बेरीज पीत नाही, ते रोजचे पाणी पिते. आपल्या वरकस आणि उताराच्या जमिनीत पाणी थांबत नाही. लावणीच्या वेळी आठ दिवस उघडीप पडली तर चिखलणी अडते आणि रोप राबातच म्हातारे होते. पोटरीत किंवा निसवताना दहा-बारा दिवस कोरडे गेले तर खाचराला भेगा पडतात आणि लोंबीत पळंजी वाढते. तेव्हा आपल्या भागात अल निनोचा अर्थ ‘पाऊस नाही’ असा घेऊ नका. ‘उशीर आणि खंड यांची शक्यता जास्त’ असा घ्या.

दुसरी बाजूही आहे. अरबी समुद्र गेल्या काही दशकांत सतत तापत आला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. तापलेली हवा जास्त वाफ धरते आणि ती एकदम सोडते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कल्याण, उल्हासनगर, बदलापूर पाण्याखाली गेले. त्या साली देशाचा एकूण पाऊस मात्र सरासरीइतकाच होता. चांगले वर्ष आणि वाईट दिवस एकत्र नांदू शकतात, हे आपण विसरता कामा नये.

अंदाज कसा वाचावा?

हवामान खाते एप्रिलच्या मध्याला पहिला दीर्घ मुदतीचा अंदाज देते आणि मेअखेर सुधारित अंदाज देते. त्यात देशाच्या सरासरीच्या, म्हणजे सुमारे ८७ सेंटिमीटरच्या, किती टक्के पाऊस पडेल ते सांगितलेले असते. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण. हा आकडा संपूर्ण देशाचा, चार महिन्यांचा असतो. तो तुमच्या टोकावड्याचा किंवा वासिंदचा नसतो.

बियाण्याच्या पिशवीवर ‘उगवणशक्ती ८० टक्के’ लिहिलेले असते. त्यावरून नेमका कोणता दाणा उगवेल हे कळत नाही, पण एकरी किती बी टाकायचे हे मात्र ठरवता येते. हंगामाचा अंदाज तसाच आहे. कोणत्या दिवशी पाऊस पडेल हे तो सांगत नाही, पण कोणत्या जातीचे बी किती घ्यावे हे ठरवायला तो उपयोगी पडतो.

लावणी, खत, फवारणी, कापणी यांसाठी जवळचा अंदाज पाहावा. दर गुरुवारी पुढच्या दोन ते चार आठवड्यांचा अंदाज निघतो. ढगांचा तो जथा कोठे आहे, हे त्यात विचारात घेतलेले असते. मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीसाठी हवामान सल्ला निघतो. घरात शिकलेली मुले असतात, त्यांच्या मोबाईलवर ‘मेघदूत’ घ्यायला सांगा. विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ आहे. नातवाने वाचावे आणि आजोबांनी निर्णय घ्यावा, ही जोडी उत्तम.

हिशोब तारखांचा

आता मुख्य कामाची गोष्ट. मुंबईतून मॉन्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. ती मनात धरून पुढील गणित करा.

पाऊस वेळेवर आला आणि ५ जूनला बी टाकले, तर ११५ दिवसांचे हळवे भात २८ सप्टेंबरला आणि १४० दिवसांचे गरवे भात २३ ऑक्टोबरला तयार होते. गरवे कापणीच्या महिनाभर आधी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निसवते. तेव्हा पाऊस अजून हाताशी असतो. हे ठीक जुळते.

पाऊस उशिरा आला आणि बी २५ जूनला पडले, तर गरवे १२ नोव्हेंबरला तयार होणार आणि १२ ऑक्टोबरच्या सुमारास निसवणार. तोवर मॉन्सून परतलेला असेल! वरच्या खाचरात दाणे भरायला पाणी कोठून आणणार? अशा वर्षी उंचावरच्या, हलक्या, पाणी न धरणाऱ्या खाचरांत कर्जत-३ किंवा कर्जत-१८४ सारखे हळवे भात घ्यावे. मधल्या खाचरांत जया, पालघर-१ सारखे निमगरवे घ्यावे. कर्जत-२, रत्नागिरी-३ सारखे गरवे फक्त ओढ्याकाठच्या, पाणथळ खाचरांतच ठेवावे.

उलट पाऊस मेअखेरीस आला आणि घाईने २७ मेला हळव्याचे बी टाकले, तर ते १९ सप्टेंबरला पिकून उभे राहील आणि बहुधा पावसात सापडेल. म्हणून लवकर आलेल्या पावसाला भुलून हळवे पेरू नका. आधी गरवे टाका, हळव्याला थोडे थांबवा. आणखी एक लक्षात ठेवा. २०२५ साली मेअखेर आलेला मॉन्सून पुढे जवळजवळ दोन आठवडे पुढे सरकलाच नाही. पहिली सर म्हणजे हंगाम नव्हे.

याशिवाय पुढील कामे करावीत.

१. सगळे बी एका दिवशी टाकू नका. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन राब करा. पहिले रोप म्हातारे झाले तर दुसरे हाताशी राहील.

२. बी टाकण्यापूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी बुडवा. तरंगणारे पोकळ दाणे काढून टाका, तळाचे बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा.

३. लवकर आलेल्या पावसाने राब ओले राहिले, वाफसा मिळत नसेल, तर रहू पद्धत वापरा. बी २४ तास भिजवून, पोत्यात दाबून मोड आणा आणि चिखल केलेल्या वाफ्यावर फोका. मात्र वाफ्यातून पाणी निघून जायला चर ठेवा.

४. रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की लावणी करावी. पावसाने ओढ दिल्यामुळे रोप जून झालेच, तर एका चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच रोपे लावा आणि अंतर थोडे कमी करा, कारण जून रोपाला फुटवे कमी येतात.

५. लावणी संपताच सर्व बांधांची खेकड्यांची बिळे बुजवा. खंड पडल्यावर बुजवून उपयोग नाही, पाणी आधीच गेलेले असते.

६. कोरड्या खाचरात युरिया फेकू नका आणि अतिवृष्टीचा इशारा असतानाही फेकू नका. पहिल्या वेळी तो पिकाला मिळत नाही, दुसऱ्या वेळी उल्हास नदीला मिळतो. युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोचल्या तर दोन्ही धोके कमी होतात.

७. अल निनोच्या वर्षी ओढ्यांचे पाणी लवकर ओसरू शकते. भेंडी, काकडी, वाल घेणाऱ्यांनी वनराई बंधाऱ्याची रिकामी पोती सप्टेंबरातच जमवून ठेवावीत आणि पाऊस थांबताच बंधारा घालावा. भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, पण शहापूरच्या पाड्यांवरच्या आपल्या बहिणी मे महिन्यात टँकरची वाट पाहतात. गावचे पाणी गावात थोपवण्याचा हा उपाय आपल्याच हातचा आहे.

८. कापणीच्या आधी आठवड्याचा अंदाज पाहा. लोंबीतले ८०-९० टक्के दाणे पिकले की कापावे. पावसाचा इशारा असेल तर कापलेले भात शेतात पसरून ठेवू नका.

खाचर म्हणजे पाण्याचे भांडे

शेवटी एक गोष्ट कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या बांधवांसाठी. तुमच्या गावांना शहराने वेढा दिला आहे. भाताने पोट भरत नाही, एखादे खाचर भराव टाकून विकले तर मुलीचे लग्न होते, हे मला दिसते. विकू नका असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण एक हिशोब सांगतो, तो ध्यानात असू द्या.

एक एकर खाचरात चार बोटे वर, म्हणजे दहा सेंटिमीटर पाणी बांधाने अडवले, तर ते चार लाख लिटर होते. शंभर एकर खाचरांत चार कोटी लिटर. कर्जतच्या डोंगरात पाऊस कोसळतो, उल्हास फुगते, तिला काळू आणि भातसा येऊन मिळतात, खाडीला भरती असते तेव्हा पाण्याला जायला वाट उरत नाही. त्या घडीला हे चार कोटी लिटर खाचरांत थांबायचे की खालच्या वस्तीतल्या घरांत शिरायचे, एवढाच प्रश्न असतो. जमीन विकाल तेव्हा निदान नाला आणि ओढ्याचे पात्र भरू देऊ नका. ग्रामसभेत किंवा पालिकेत उभे राहून तेवढे तरी सांगा. जी खाचरे ठेवाल, त्यांचे बांध मजबूत ठेवा.

समुद्र केव्हा तापावा हे आपल्या हातात नाही. पेरूचे बाळ आपल्याला विचारून येत नाही. बी किती आणि कोणते टाकायचे, राब एक करायचा की दोन, बांधाचे बीळ केव्हा बुजवायचे, हे मात्र आपल्याच हातात आहे. मेअखेरचा अंदाज ऐका, घरातल्या सर्वांनी एकत्र बसून खाचरांची वाटणी करा आणि मग मूठ सोडा.

पुढच्या लेखात पावसाच्या खंडात येणाऱ्या लष्करी अळीचा आणि खोडकिड्याचा विचार करू. तोवर सर्वांना चांगल्या पावसाच्या शुभेच्छा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी